भिंतीवरची बटणं

"तू सिव्हिलला आहेस ना? मग सांग, घर पाडायचं का ठेवायचं?"

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी पोहोचून बॅग खाली ठेवतोय न ठेवतोय तोच अण्णांनी हा प्रश्न टाकला. मित्रांनो, व्हायवाला एक्स्टर्नलसुद्धा निदान आधी नाव-गाव विचारतो. इथे थेट फायनल क्वेश्चन, तोही कंपल्सरी! आणि ऑप्शनला काही नाही.

आमचं गाव उमरगा तालुक्यात. घर काळ्या दगडाचं, माळवदाचं. पणजोबांच्याही आधीचं असावं, नक्की कुणी बांधलं ते कुणालाच सांगता येत नाही. अण्णांचं म्हणणं, ते पाडून चार खोल्यांचा स्लॅब टाकू. तालुक्याच्या कॉन्ट्रॅक्टरने रेटसुद्धा दिलेला. आजीचं म्हणणं, "मी मेल्यावर काय करायचं ते करा." दोघं समोरासमोर बोलत नव्हती. दोघांच्या मधे मी, तृतीय वर्ष स्थापत्य, एक विषय बॅकलॉग.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी त्या घराकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. होस्टेलवर मुंबई-पुण्याची पोरं "तुमच्याकडे गुरं घरातच बांधतात ना रे?" म्हणून हसायची तेव्हा मी विषय बदलायचो. कारण बांधतात. आमच्याकडे गोठा घराला नुसता चिकटून नाही, तो घरातच आहे. मोठा दरवाजा, मग ढेलज, ढेलजेतून आत आलं की डाव्या हाताला गोठा, उजव्या हाताला ओसरी आणि ओसरीच्या मागे माजघर. सगळ्यांवर एकच माळवद. गुरं आणि माणसं एकाच दाराने आत येणार. फरक इतकाच की गोठ्याची जमीन ओसरीपेक्षा एक पायरी खाली. त्यामुळे गोमूत्र कधी ओसरीकडे येत नाही, दगडी फरशीच्या उतारावरून कोपऱ्यातल्या मोरीतून बाहेरच्या उकिरड्याकडे जातं. आमच्या होस्टेलच्या बाथरूमला हा स्लोप अजून जमलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी टेप घेतली आणि मोजायला सुरुवात केली. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला चार जणांत एक टेप धरायची सवय, इथे दुसरं टोक धरायला कोणीच नाही. शेवटी आजी उठून आली.

"काय मोजायलास रं?"

"खण."

"अठरा हायती. मोजायला कशाला पायजे? सहा गोठ्याचे, चार ओसरीचे, आठ माजघराचे."

आपल्याकडे खोल्या मोजायची पद्धत नंतरची, जुनं घर मोजायचं ते खणावर. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. खांबावर तुळई, तुळईवर आडवे सरे, सऱ्यांवर किलच म्हणजे लाकडाच्या बारीक फळ्या, त्यावर निंबाचा पाला आणि त्यावर पांढरी माती. आमचा एक खण भरला १.४ मीटर बाय २.२ मीटर. माळवदाची जाडी मोजायला वर खणायची गरज नाही, सवण्यातून हात घातला की कळते. (ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी: सवणं म्हणजे छतातलं भोक. उजेड आत येतो, चुलीचा धूर बाहेर जातो. पावसात वर दगडी चीप सरकवायची.) जाडी निघाली ६० सेंटिमीटर!

मी दोनदा मोजली. एवढी माती कोण कशाला घालेल? आजीला विचारलं तर तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. दरवर्षी मृगाच्या आधी माळवद गळू नये म्हणून गढीच्या कडेची पांढरी माती आणून वर पसरायची. ती पाण्याने फुगते आणि भेगा बुजवते. जुनी माती कुणी काढत नाही, नवी मात्र दरवर्षी पडते. पाटी-पाटी करत पिढ्यान् पिढ्या वर चढलेली माती. गावाची गढी निम्मी संपली ती अशी आमच्या डोक्यावर येऊन बसली.

रात्री वहीवर हिशोब केला. मातीची घनता १६ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरली तर एका चौरस मीटरवर ९.६ किलोन्यूटन. म्हणजे जवळपास एक टन. साडेबारा सेंटिमीटरचा आरसीसी स्लॅब असता तर ३.१ किलोन्यूटन. आमच्या एका खणावर तीन टन, अठरा खणांवर चोपन्न टन! आणि त्याखाली आपण सगळे निवांत जेवतोय, आजी भाकरी वाढतेय. मला घास गिळेना.

पण दुसरी बाजूही आहे. भिंत ८५ सेंटिमीटर जाडीची, दाराच्या चौकटीत मोजली. बाहेरच्या बाजूला एकही खिडकी नाही. एक तर हा सगळा निजामाच्या राज्यातला मुलूख, चोर-दरवडेखोरांची भीती, त्यामुळे जे काही उघडं ते आतल्या चौकाकडे. दुसरं म्हणजे ऊन. मागच्या मे महिन्यात लॅबमधून उसना आणलेला थर्मामीटर मी ओसरीच्या खुंटीला टांगला होता, दुपारी तीनला अंगणात ४१ आणि माजघरात ३२. दगड आणि माती दिवसभर ऊन पीत बसतात, ते आतपर्यंत पोहोचायच्या आधी रात्र होते. हीट ट्रान्स्फरच्या पेपरात टाइम लॅगची व्याख्या मी चुकवली होती, ती इथे अंगाखाली वाकळ घालून समजली. हिवाळ्यात उलट. गोठ्यातल्या पाच-सहा जनावरांची ऊब ओसरीपर्यंत येते. आणि चुलीच्या धुराने गोठ्यातले डास-माशा कमी होतात. माणसं जनावरांना सांभाळतात म्हणतात, पण या घरात सोय दोन्हीकडून आहे.

गोठ्याचं सांगायला बसलो तर मासिकाची पानं पुरणार नाहीत. दगडी गव्हाण, तिच्या काठाला जनावरांच्या माना घासून आलेली झिलई. दावणीचे दगड, त्यांना आरपार भोक पाडून ओवलेली दावी. भिंतीतल्या देवळीत कंदिलाची जागा, तिच्या वरचा दगड काजळीने अजून काळा. रात्री उठून वैरण टाकायला अंथरुणातून फक्त एक पायरी उतरायची. माझ्या मामाचं गाव १९९३ नंतर नव्या जागी वसवलेल्या ५२ गावांपैकी. रुंद रस्ते, सरळ रांगा, पक्की घरं. पण घराला गोठा नाही. मामाने काही वर्षांतच घराला खेटून पत्र्याचा गोठा काढला. शेतकरी माणूस म्हैस नजरेआड ठेवून झोपू शकत नाही हे प्लॅन काढणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

तर, १९९३. आता तिथे यावंच लागेल.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावोगाव विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. तीव्रता ६.२. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) मिळून सरकारी आकडाच जवळपास आठ हजार मृत्यूंचा. आम्हाला हे अर्थक्वेक इंजिनिअरिंगमध्ये केस स्टडी म्हणून आहे. सरांनी स्लाइड दाखवली, पडलेल्या दगडी भिंती, "रँडम रबल मेसनरी इन मड मॉर्टर, हेवी रूफ". वर्गात पोरं लिहून घेत होती. मी लिहीत नव्हतो. त्या स्लाइडमधला दगड माझ्या ओळखीचा होता.

आमच्या घरात त्या रात्री माझी मोठी आत्या गेली. नऊ वर्षांची होती.

घरात याबद्दल बोलत नाहीत. मला जे माहीत आहे ते तुकड्या-तुकड्याने. आजोबा गोठ्यात बाज टाकून झोपायचे आणि ती त्यांच्याजवळ, पूर्वेच्या भिंतीकडे. पहाटेची वैरण टाकायला आजोबा उठले आणि कडब्याची पेंढी आणायला दक्षिणेकडच्या गंजीकडे गेले. तेवढ्यात जमीन हलली. पूर्वेची भिंत आत आली. माजघरात आजी आणि बाकी तीन लेकरं. अण्णा तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांनी त्या दिवसापासून आजतागायत त्या माळवदाखाली रात्र काढलेली नाही. पाऊस असला तर अंगणातल्या पत्र्याखाली, नसला तर उघड्यावर. लहानपणी मला वाटायचं, अण्णांना गरम होतं.

म्हणजे बघा, अण्णांना घर का पाडायचंय हे मला कळत होतं. पण आजी? तिची लेक गेली त्या भिंतीखाली. ती का अडून बसली होती?

तिसऱ्या दिवशी मी गोठ्यात ओळंबा सोडून भिंत तपासत होतो. पूर्वेच्या आणि उत्तरेच्या भिंतीवर दगडांमध्ये सिमेंटचे गोल ठिपके आहेत, वितीएवढे, रांगेत. पश्चिमेलाही आहेत. लहानपणी आम्ही त्यांना 'बटणं' म्हणायचो. बटण दाबलं की बैल हंबरतो असा आमचा खेळ होता. त्या दिवशी टेप लावली तर बटणांमधलं अंतर सगळीकडे जवळजवळ सारखं. आणि डोक्यात ट्यूब पेटली. थ्रू स्टोन!

थोडं टेक्निकल आहे, पण कॉमर्सवाल्या मित्रांनाही समजेल असं सांगतो. आमच्याकडची जाड भिंत एक भिंत नसतेच, त्या दोन भिंती असतात. बाहेरचा एक पापुद्रा, आतला एक पापुद्रा, मधे चिपा आणि चिखल कोंबलेला. दोन्ही पापुद्र्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यात ते सुटे होतात, मधला माल पाचरीसारखा खाली बसतो, पोट बाहेर येतं आणि एक पापुद्रा बाहेर कोसळतो, एक आत. भिंत जितकी जाड तितकी मजबूत हा आपला समज, पण आयएस १३८२८ म्हणतो की अशी भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि उभ्या दिशेत दर ६० सेंटिमीटरला, आडव्या दिशेत फार तर दर १.२ मीटरला आरपार दगड हवा. हा कोड निघाला कधी? १९९३ सालीच. आणि आमचा भाग तोवर भूकंपाच्या नकाशात सगळ्यात सुरक्षित अशा झोन एकमध्ये होता. २००२ मध्ये तो झोनच काढून टाकला आणि आम्ही झोन तीनमध्ये आलो.

भूकंपानंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात आमच्यासारख्या उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींना हे टाके घातले गेले. गावातले एक म्हातारे गवंडी तेव्हा तरणे होते आणि ते काम शिकले होते. त्यांना जाऊन विचारलं. बाहेरून एक दगड काढायचा, हात आत घालून चिखल-चिपा काढत आतल्या बाजूचा दगड सोडवायचा. भोक दोन्ही तोंडांना रुंद, मधे अरुंद, डमरूसारखं. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. पुस्तकात 'डंबेल शेप' म्हणतात. त्यांनी डमरू म्हटलं, मला तेच जास्त पटलं.

"मग दक्षिणेच्या भिंतीला का नाही बटणं?"

ते हसले. "तिथं कडब्याची गंज हुती की. ती कोण उचलतंय?"

मी परत येऊन दक्षिणेच्या भिंतीला ओळंबा लावला. मधोमध सात सेंटिमीटर पोट. माझ्या पाठीतून थंड काहीतरी गेलं. त्याच भिंतीला टेकून आम्ही शाळेत असताना अभ्यास करायचो.

सरांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला, "फोटोवरून मी काही सांगणार नाही. भिंत उघडून बघ आणि लायसन्स असलेला माणूस बोलाव. तू अजून इंजिनिअर झालेला नाहीस." खरं होतं. अण्णांच्या ओळखीने तालुक्याचे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. दोन दगड काढले. आत बॅटरी मारली तर नुसता भुगा. ते म्हणाले, ही भिंत राहायची नाही. मग वर बघत खांब-तुळया ठोकून पाहिल्या आणि म्हणाले, लाकूड मात्र चांगलंय.

त्या रात्री मी आजीला सगळं सांगितलं. पापुद्रे, पोट, चोपन्न टन. वाटलं, ती चिडेल. ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली.

"मला ठाव हाय," म्हणाली. "त्या भिंतीनं माझी लेक नेली. खांबानं तिघं राखली. भिंत आत आली, माळवद न्हाई आलं. सकाळी उजेड पडल्यावर बघितलं तर खांब उभेच. तुझा बाप त्या खांबाला धरून बसला हुता. सुटंना."

मी काही बोललो नाही. लोड पाथ म्हणजे काय, यावर सेकंड इयरला मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. माळवदाचं वजन भिंतीवर नसतं, खांबावर असतं. भिंत नुसता पडदा. किल्लारी भागातल्या पाहणीच्या अहवालांतही हेच आहे, जिथे छप्पर लाकडी खांबांवर होतं तिथे बऱ्याच घरांत भिंती गेल्या आणि सांगाडा राहिला. आजीने कुठला अहवाल वाचला नाही.

मधला सगळा वाद, तालुक्याच्या चकरा, हिशोब हे काही लिहीत नाही. अण्णा शेवटी "एकदा करून बघू" एवढंच म्हणाले. ठरलं ते असं: माळवदाची माती ६० वरून २० सेंटिमीटरवर आणायची आणि वर पाणी न झिरपणारा थर द्यायचा. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोकायचे, कारण उभा-आडवा चौकोन हलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. आणि दक्षिणेची भिंत पूर्ण उतरवून, ४५ सेंटिमीटरची, सिमेंटच्या मसाल्यात, आरपार दगड आणि वर काँक्रीटची पट्टी घालून नव्याने बांधायची. दगड तोच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम निघालं. माती उतरवली तर जवळपास आठ ब्रास भरली. थर अगदी दिसत होते, कुठे राखेची रेघ, कुठे भुसा. आमच्या जिऑलॉजीच्या मॅडमना दाखवायला हवे होते. ती माती शेतात नेऊन टाकली, आजीने त्यातली पाटीभर चुलीसाठी ठेवली.

मग दक्षिणेची भिंत. दोन दिवस दगड उतरत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा थर निघाला आणि गवंडी हात झटकत बाजूला झाले. पूर्ण बाजू उघडी! गोठ्यातून थेट शेत दिसत होतं. वर माळवद, खाली खांब, आणि भिंतीच्या जागी नुसती हवा. टेकू एकही नव्हता. गाय वळून तिकडेच बघत होती.

अण्णा शेतातून आले. ढेलजेत थांबले. कितीतरी वेळ तसेच उभे. मी हिशोबाची वही हातात घेऊन काहीतरी समजावून सांगणार होतो, पण आजीने माझा हात धरला.

"अस्संच दिसत हुतं," ती त्यांना म्हणाली. "आठवतंय का?"

अण्णांनी मान हलवली. मग आत आले, पायरी चढून ओसरीच्या कडेच्या खांबापाशी गेले आणि त्यावर हात ठेवला. तेवढंच. मग नेहमीच्या आवाजात गवंड्यांना विचारलं, "आरपार दगड किती लागतील?"

पुढचे आठ दिवस अण्णा शेताकडे फिरकले नाहीत. लांब दगड स्वतः निवडत होते, टेपने मोजत होते, पंचेचाळीस भरला की खडूने फुली मारत होते. एका थरात गवंड्यांकडून एक दगड कमी पडला तर अण्णांनी वरचे दोन थर उतरवायला लावले. गवंडी वैतागले, "मालक, एकानं काय हुतंय?" अण्णा काही बोलले नाहीत, फुलीचा दगड उचलून त्यांच्या हातात दिला.

भिंत झाली. या भिंतीला सिमेंटची बटणं नाहीत, दगडांचीच तोंडं दोन्हीकडून दिसतात, खडूची फुली पहिल्या पावसात गेली. कडब्याची गंज आता तिथे लावत नाहीत, वावराच्या कडेला नेली आहे.

होस्टेलला निघायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णा बराच वेळ ओसरीवर बसले होते. आजी, मी, खाली गोठ्यात गायीचं रवंथ. माळवदाखाली त्यांना रात्रीचं एवढा वेळ बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. साडेअकराला उठले, वाकळ खांद्यावर टाकली आणि अंगणातल्या बाजेकडे गेले.